दोन एकर, दहा एकर, चाळीस एकर: द्राक्षबागेसाठी हंगामी टोळी कशी ठरवायची

आमच्या घरात औषधं आणि विक्री नवऱ्याकडे, खत-पाणी दिराकडे आणि मजूर माझ्याकडे. निफाड तालुक्यात आमची दहा एकर द्राक्ष आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगरी भागातून टोळी ठरवायची, तिची राहायची सोय बघायची, हजेरी लिहायची, आठवड्याची खर्ची (बाजारखर्चाचे पैसे) द्यायची आणि शेवटी हिशेब चुकता करायचा, हे सगळं मी बघते. शिवारातल्या नव्या सुना आणि नोकरी सोडून शेतीत आलेली पोरं विचारतात, "काकू, मजूरच मिळत नाहीत, तुम्हाला कसे मिळतात?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हे सगळं नाशिककडच्या ऑक्टोबर छाटणीच्या बागेबद्दल आहे. सटाणा-कळवणच्या अर्ली, म्हणजे लवकर छाटलेल्या, बागांचं वेळापत्रक वेगळं आणि तासगावकडच्या टोळ्याही वेगळ्या. पण हिशेबाची रीत तिकडेही हीच चालेल.

आधी माणसं नाही, दिवस मोजा

बहुतेक जण "मला वीस बाया पाहिजेत" इथून सुरुवात करतात. वीस कशावरून? शेजाऱ्याकडे वीस होत्या म्हणून. त्यापेक्षा कागद घ्या आणि थिनिंगपासून (घडातले जादा मणी कात्रीने काढून तो विरळ करणं) मोजा, कारण अख्ख्या हंगामात सगळ्यात जास्त हात तिथे लागतात.

नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी ९६८ झाडं बसतात. झाडावर तीस घड ठेवले तर एकरात साधारण २९ हजार घड झाले. हात बसलेल्या बाईला एक घड विरळायला सरासरी एक मिनिट धरा. २९ हजार मिनिटं म्हणजे जवळपास ४८४ तास, आणि आठ तासांचा दिवस धरला तर साठ मजूर-दिवस. एका एकराला, एका कामाला. तुमचं अंतर दहा बाय सहा असेल, घड कमी-जास्त असतील, बाया नव्या असतील, तर आकडा बदलेल. म्हणून हा हिशेब स्वतःच्या प्लॉटवर करा, माझा उचलू नका.

आता खरी अडचण. मणी कात्री चालण्याइतका झाल्यापासून घड दाटून बसेपर्यंत फार दिवस मिळत नाहीत. मी नऊ दिवस धरते. त्यानंतर कात्री आत जात नाही, मणी चिरतात आणि कामाचा वेगही निम्मा होतो. म्हणजे साठ मजूर-दिवस नऊ दिवसांत बसवायचे.

दोन एकरवाल्याला १२० मजूर-दिवस लागतील. नऊने भागलं की रोज तेरा-चौदा बाया.

दहा एकरवाल्याला ६००. सगळी बाग एकदम छाटली असेल तर रोज सदुसष्ट बाया लागतील, आणि तेवढ्या मिळणार नाहीत. पण छाटणी चार टप्प्यांत, नऊ-नऊ दिवसांच्या अंतराने केली असेल, तर तेच काम छत्तीस दिवसांत पसरतं आणि रोज सतरा बायांत भागतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दोन एकरवाल्याला तेरा-चौदा, दहा एकरवाल्याला सतरा. जमीन पाचपट, टोळी जवळजवळ तेवढीच. फरक एवढाच की दहा एकरवाला छत्तीस दिवस काम देतो आणि दोन एकरवाला नऊ. डोंगरातून बिऱ्हाड घेऊन येणारी टोळी कुणाकडे जाईल, ते सांगायला नको.

मुकादमाला फोन केला की तो आधी दर विचारत नाही. "वहिनी, किती दिवसांचं काम हाये?" हा पहिला प्रश्न असतो. दर चार पैशांनी कमी असला तरी सलग काम असेल तर टोळी येते. दर जास्त पण मध्ये आठ दिवस बसून काढायचे असतील तर येत नाही, कारण बसलेल्या दिवशीही तेल-मीठ लागतंच. मजूरटंचाईची निम्मी रड मला तरी या न समजलेल्या हिशेबाची वाटते. उरलेली निम्मी खरी आहे.

तुमची बाग किती, त्यावर रस्ता ठरतो

*दोन-तीन एकर.* २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या थोडी वर. तेव्हा बहुतेक लोक याच रांगेत आहेत. तुम्ही एकट्याने मुक्कामी टोळी आणायला जाऊ नका. नऊ दिवसांसाठी पत्र्याची खोली, संडास, उचल (आगाऊ दिलेले पैसे), गाडीभाडं हे परवडत नाही आणि टोळीलाही ते जमत नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली, एका शिवारातल्या चार-पाच जणांनी मिळून दहा एकरांची एक बाग असल्यासारखं वागणं. ऑगस्टमध्येच एकत्र बसा, छाटणीच्या तारखा नऊ-नऊ दिवसांच्या फरकाने वाटून घ्या, एकच टोळी ठरवा, राहायची सोय ज्याच्याकडे जागा आहे त्याच्याकडे करा आणि बाकीच्यांनी खर्चात वाटा द्या. आपल्याकडे सावड पूर्वी होतीच, फक्त आता सावडीत हात घरचे नाहीत, टोळीचे आहेत. भांडण एकाच गोष्टीवर होतं: पहिली तारीख कुणाची. लवकर छाटणाऱ्याला पावसात डाऊनी रोगाची आणि गळकुजीची भीती, उशिरा छाटणाऱ्याला थंडीत मणी न फुगण्याची. म्हणून चिठ्ठ्या टाका आणि दर वर्षी क्रम फिरवा. जो पहिल्या वर्षी पुढे होता तो पुढच्या वर्षी मागे. हे सुरुवातीलाच वहीत लिहिलं नाही तर दुसऱ्याच वर्षी गट मोडतो.

दुसरी वाट म्हणजे मोठ्या बागायतदाराच्या टोळीचे मोकळे दिवस मागून घेणं. त्याच्या दोन टप्प्यांमध्ये तीन-चार दिवस रिकामे राहतातच आणि त्यालाही टोळी बसून राहिलेली नको असते. पण त्यासाठी तुमची छाटणी त्याच्या छाटणीच्या पुढे-मागे असावी लागते. त्याने पाच तारखेला छाटली आणि तुम्हीही पाच तारखेलाच छाटली, तर त्याची टोळी तुमच्या बांधावरून जाताना दिसेल, तुमच्या बागेत येणार नाही.

रोज पिकअपने येणारे मजूर ही तिसरी सोय. दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात सकाळी मजूर उभे राहतात तिथून ते आणता येतात. फेलफूट (घड नसलेले फुटवे) काढायला किंवा घडांना पेपर लावायला ते चालतात. थिनिंगला मात्र रोज नवे हात आले की रोज नव्याने शिकवावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत घड पोकळ तरी होतात नाहीतर तसेच दाट राहतात.

*आठ ते बारा एकर.* आम्ही यात येतो आणि माझ्या मते सगळ्यात अवघड जागा हीच. घरच्या माणसांनी उरकत नाही आणि अख्खा हंगाम टोळी पोसण्याइतकं कामही नाही. इथे सगळा खेळ छाटणीच्या तारखांचा आहे. नवऱ्याला बाजार बघून छाटायचं असतं, दिराला पाऊस बघून आणि मला टोळी बघून. तिघांनी एकत्र बसून तारखा ठरवायच्या. मजूर बघणाऱ्या माणसाला त्या बैठकीत बसवत नसाल तर हा लेख वाचून उपयोग नाही.

प्लॉट कमीत कमी तीन टप्प्यांत तोडा. वाणही वेगळे असले तर बरं; थॉमसनला जेवढं थिनिंग लागतं तेवढं काळ्या शरद सीडलेसला लागत नाही. मग एका टप्प्याची फेलफूट, दुसऱ्याचं डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), तिसऱ्याचं थिनिंग असं टोळीला सलग काम लागतं. तरीही जे खड्डे पडतील, ते शेजारच्या छोट्या बागायतदारांना आधीच देऊन ठेवा. वरच्या दोन एकरवाल्याची आणि तुमची गरज इथे जुळते.

*चाळीस एकर आणि वर.* इथे २,४०० मजूर-दिवस थिनिंगचेच. साठ दिवसांत पसरवले तरी रोज चाळीस बाया. एवढी माणसं एकाच मुकादमाकडून घेऊ नका. तो पोटात शिरला की दर तो ठरवतो, आणि एखाद्या रात्री त्याचं आणि तुमच्या सुपरवायझरचं वाजलं की सकाळी अख्खी चाळ रिकामी. दोन-तीन टोळ्या, वेगवेगळ्या गावांच्या, आणि प्रत्येकीचे प्लॉट ठरलेले. मोठ्या बागेत काही कुटुंबं वर्षभर राहतात, ती वेगळी धरा. हंगामी टोळीवर त्यांना मुकादम करू नका, दोन्हीकडून वाईट होतात.

काढणी-पॅकिंगला निर्यातदार बहुधा स्वतःची टीम पाठवतो. त्यात बिहार, उत्तर प्रदेशकडची मुलं खूप असतात. त्यामुळे मोठ्या बागेलाही शेवटच्या महिन्यात मजुरांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. निर्यातदाराकडे माल भरून आला की तुमची तारीख पुढे जाते. करारात तारीख आणि उशीर झाला तर काय, हे लिहून घ्या. युरोपला माल जात असेल तर ग्लोबल गॅप या शेतमालाच्या प्रमाणपत्राबरोबर मजुरांबद्दलची ग्रास्पची तपासणीही येऊ शकते. त्यात मजुरांची हजेरी, वेतन, राहायची जागा, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं बघतात. तपासणीच्या आदल्या रात्री वह्या लिहायला बसलेले लोक मी पाहिलेत. एकाच पेनाने, एकाच अक्षरात तीन महिन्यांची हजेरी. तपासणाऱ्यालाही कळतं ते.

मजुरांची शेती तुमच्या कॅलेंडरवर मांडा

हे कुणीच करत नाही आणि मग "ऐनवेळी पळून गेले" म्हणतात. पेठ-सुरगाण्याकडच्या बहुतेक कुटुंबांची स्वतःची थोडी जमीन आहे. भात, नागली, वरई. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांचा भात कापायला येतो, आणि नेमकी तेव्हाच आपली छाटणी, डोळे फुटायची पेस्ट आणि फेलफूट असते. वर्षभराच्या खायच्या भाताला सोडून कुणी तुमच्या फेलफुटी काढायला थांबणार नाही, आणि थांबावं अशी अपेक्षाही करू नये.

म्हणून दोन गोष्टी करा. छाटणी आणि पेस्टसाठी गावातली किंवा जवळची कसबी माणसं धरा. या कामाला माणसं कमी लागतात. आणि थिनिंगची टोळी भात झोडून झाल्यावर मागवा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेल्या प्लॉटचं थिनिंग पन्नास-साठ दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरअखेरीस येतं. तोवर भात घरात येतो. मुकादमाला ऑगस्टमध्येच विचारा: "भाऊ, यंदा लावणी कधी झाली?" त्याच्या उत्तरावरून तुमची तारीख पक्की होते.

दिवाळीला सगळे घरी जाणार. शिमग्याला तर जाणारच. होळी त्यांचा मोठा सण आहे, आणि मार्चमध्ये तुमची काढणी राहिली असेल तरी जाणार. बिहारकडची मुलं छठला आणि होळीला जातात. हे दिवस आधीच लाल शाईने खुणा करून ठेवा आणि त्या आठवड्यात कोणतंही वेळेवरचं काम ठेवू नका. सुट्टी देत नाही म्हणून अडवलं तर माणूस तरीही जातो, फक्त परत येत नाही.

गावी जाऊन ठरवा

फोनवर ठरलेली टोळी ही ठरलेली नसते. श्रावण-भाद्रपदात एकदा त्यांच्या गावी जा. मी नवऱ्याला घेऊन जाते, पण बोलते मी, आणि फक्त मुकादमाशी नाही. टोळीतल्या दोन-तीन बायांशी त्यांच्या ओट्यावर बसून बोला. गेल्या हंगामात कुठे होत्या, तिथून का सोडलं, किती जणी लेकरं घेऊन येणार, कुणी पोटुशी आहे का. मुकादम या गोष्टी सांगत नाही, त्याला माहीत असल्या तरी.

मग उचलीचा विषय निघतो. पावसाळ्याच्या शेवटी घरात पैसा नसतो, म्हणून उचल मागितली जाते आणि थोडी द्यावीही लागते. हंगामात होणाऱ्या अंदाजे मजुरीच्या चौथ्या हिश्श्यावर मी जात नाही. मोठी उचल देऊन माणूस बांधला जातो असं समजणारे पुष्कळ आहेत. उलट होतं. मोठी उचल अंगावर असलेली माणसं हातात काहीच पडत नाही म्हणून निम्म्या हंगामातच खचतात. पैसे मुकादमाच्या हातात एकरकमी देऊ नका. प्रत्येक कुटुंबाला समोर द्या, किती दिले ते त्यांच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट: उचल फिटेपर्यंत कुणाला अडवून ठेवणं, त्याचं आधारकार्ड ठेवून घेणं, पोराला कामावर ठेवून घेणं, घरी जाऊन शेळी ओढून आणणं, ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. "आमच्याकडे असंच चालतं" हे तिथे उत्तर नाही. बुडालेली उचल ही धंद्यातली खोट धरा. म्हणून तर ती लहान ठेवायची.

कागदावर एवढं तरी लिहा, साध्या मराठीत, दोन प्रती:

- टोळीतल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि उचल
- कोणतं काम रोजाने आणि कोणतं उक्तं (दिवसावर नाही, झालेल्या कामावर पैसे), दर काय
- येण्या-जाण्याचं भाडं कुणाचं
- बसून राहिलेल्या दिवसाचं काय
- मुकादमाचं कमिशन किती, आणि ते मजुरीतून कापायचं नाही
- खर्चीचा वार

बसून राहिलेल्या दिवसाबद्दल जरा सांगते. पाऊस आला, व्यापारी आला नाही, औषध मारल्यामुळे प्लॉटमध्ये जाता येत नाही, असे दिवस येतात. आम्ही पहिला दिवस तसाच सोडतो आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धा रोज देतो. शिवारात यावरून मला बोलणी बसलीत, "तुम्ही सवयी बिघडवता" म्हणून. बिघडवते. पण व्यापाऱ्याने दोन दिवस तारीख लांबवली तेव्हा माझ्या टोळीतलं कुणी शेजारच्या बागेत गेलं नाही.

रोज की उक्तं

छाटणी, फेलफूट, पेपर लावणं उक्तं द्यायला हरकत नाही. डोळ्यांना दिसतं, झालं की झालं. थिनिंग मात्र मी रोजानेच करते. उक्त्यात हात पळतो, घडाच्या बाहेरून कात्री फिरते आणि आतले मणी तसेच. ते तेव्हा कळत नाही, जानेवारीत घड दबून मणी फुटायला लागले की कळतं. डिपिंगचंही तसंच: उक्त्यात पानाआडचे घड सुटतात, आणि सुटलेला घड वेगळाच दिसतो, एकाच झाडावर दोन जातीची द्राक्षं असल्यासारखा. मोठ्या बागेत रोजाने देखरेख परवडत नाही हे खरं आहे. तिथे उक्तं द्या, पण ओळीगणिक तपासून मगच ओळ पास करा.

उक्तं देताना एकर अंदाजाने धरू नका. झाडं मोजा, मेलेली झाडं वजा करा, टोळीच्या एका माणसाला मोजायला बरोबर घ्या. "हे सव्वा एकर आहे" आणि "नाही, दीड आहे" या वादात गेलेले दिवस कुणालाच परत मिळत नाहीत.

रोज ठरवताना शेतीकामाचा किमान वेतनाचा दर सरकार जाहीर करतं, तो कामगार कार्यालयातून विचारून घ्या. त्याच्या खाली जायचं नाही. बाई आणि पुरुष एकाच कामाला असतील तर रोज एकच. आणि जोडीचे पैसे नवऱ्याच्या हातात देणं थांबवा. माझ्या वहीत बाईची हजेरी वेगळी, तिची सही किंवा अंगठा वेगळा, पैसे तिच्या हातात. सुरुवातीला दोन-तीन नवऱ्यांनी तोंड वाकडं केलं, पण बाजाराच्या दिवशी घरात किराणा येतोय म्हटल्यावर गप्प बसले.

खर्ची बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या. बाजाराच्या दिवशी दुपारी दिली तर त्यांचा बाजारही जातो आणि तुमचा कामाचा दिवसही.

राहायची जागा

निफाडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी थंडीत येतेच. त्या थंडीत ताडपत्रीच्या पालात लेकरं झोपवणारा बागायतदार स्वतः मात्र द्राक्षाला थंडी लागू नये म्हणून पहाटे ड्रिप सोडतो आणि बागेत शेकोट्या करतो.

प्रत्येक कुटुंबाला भिंती असलेली खोली, दाराला आतून कडी, एक दिवा. बायांना आडोशाची न्हाणी आणि संडास. हे नसेल तर बाया दिवसभर पाणी कमी पितात आणि मग आजारी पडतात. सरपण आधी रचून ठेवा, नाहीतर तुमच्या बांधावरचं झाड गेलं म्हणून समजा. पिण्याच्या पाण्याची टाकी औषधाच्या टाकीपासून लांब. आणि औषधाचे रिकामे कॅन चाळीच्या आसपासही दिसू देऊ नका. स्वच्छ धुतलेला निळा ड्रम पाण्याला छान वाटतो, म्हणून ते मागतात. द्यायचा नाही. भोकं पाडा.

पेस्ट आणि फवारणी

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. हे अंगाला लागलं तर जळजळ होतेच, पण खरा धोका दारूचा आहे. हे औषध हाताळणाऱ्याने त्याच्या आगेमागे दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, श्वास लागणं, रक्तदाब पडणं इथपर्यंत जातं. दिवसभर पेस्ट लावून दमलेला माणूस संध्याकाळी घोटभर घेणार, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून पेस्टच्या कामाला न पिणारी माणसंच धरा, आणि जी धराल त्यांना आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारू बंद, हे कारणासकट सांगा. नुसतं "पिऊ नका" कुणी ऐकत नाही. लांब बाह्या, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, हे तुम्ही द्यायचं. हातमोजे फाटतात, जास्तीचे आणून ठेवा.

पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई औषधाच्या कोणत्याही कामाला नको. फवारलेल्या प्लॉटमध्ये किती वेळ जायचं नाही ते बाटलीच्या लेबलवर असतं. त्या वेळेत टोळीला दुसऱ्या प्लॉटमध्ये पाठवा. टप्प्यांत छाटल्याचा इथेही उपयोग होतो.

लेकरं, रेशन, दवाखाना

चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावणं गुन्हा आहे. "आईबरोबर आलंय, चार घड करेल" हेही नको. टोळी आली की त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, आणि गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर काम सोपं होतं. छोट्यांसाठी अंगणवाडीताईंना सांगा. आमच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींना मी दिवसाचा रोज देऊन चाळीत लेकरांपाशी ठेवते. एका माणसाचा रोज जातो, पण पाच-सहा आयांचं लक्ष कामात राहतं.

रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात अंगठा लावून मिळतं. दुकानदार "तुमचं नाव इथे नाही" म्हणाला तर तुम्ही स्वतः बरोबर जा. मालकीण दारात उभी राहिली की मशीन चालू होतं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे, वय १८ ते ७०, बँकेत खातं पाहिजे. ते पैसे तुम्ही भरा. आणि रोजच्या पिकअपमध्ये माणसं कोंबू देऊ नका. भाडं वाचतं म्हणून तीसजणी उभ्याने येतात, घाटात काय होतं ते आपण पेपरात वाचतो. दोन खेपा करायला लावा आणि भाडं द्या.

टोळी डांगातून आली असेल तर ती गुजरातची, म्हणजे परराज्यातली, जरी त्यांचं गाव सुरगाण्याच्या पलीकडेच असलं तरी. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा आता कामगार संहितेत गेला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहा किंवा त्याहून जास्त अशी माणसं असतील तर कामगार कार्यालयात जाऊन तुम्हाला काय लागू होतं ते विचारून या. चाळीस एकरवाल्यांनी तर नक्कीच.

गारपीट झाली तर

२०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस निफाडकडे गारा पडल्या तेव्हा ज्यांचे प्लॉट गेले त्यांच्याकडे टोळ्या येऊन बसलेल्या होत्या. बागायतदाराचं नुकसान पंचनाम्यात येतं, टोळीचं कुठेच येत नाही. अशा वेळी त्याच दिवशी फोन फिरवा आणि ज्याचा माल वाचलाय त्याच्याकडे टोळी वळवा. त्याच्याकडे काम नसेल तर परतीचं भाडं आणि झालेल्या दिवसांची मजुरी रोख द्या, उचलीची बाकी पुढच्या हंगामावर टाका. यासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच बँकेत एक आठवड्याच्या मजुरीएवढी रक्कम बाजूला ठेवायची. विकलेल्या मालाचे पैसे यायची वाट टोळी बघू शकत नाही, आणि व्यापारी पळाला हे तुम्ही टोळीला सांगायचं कारण नाही. माल उधारीवर तुम्ही दिला, त्यांनी नाही.

शेवटचा हिशेब

होळीच्या तीन-चार दिवस आधी हिशेब मांडा, निघायच्या सकाळी नाही. गाडी दारात उभी असताना केलेला हिशेब कुणालाच पटत नाही. वही उघडून प्रत्येक कुटुंबाला हजेरी, खर्ची, उचल वाचून दाखवा. एखादा दिवस त्यांच्या लक्षात वेगळा असेल तर त्या दिवशी कोणता प्लॉट, कोणतं काम होतं ते आठवा. बाया हे पक्कं लक्षात ठेवतात, बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं. राहिलेले पैसे पूर्ण द्या. "एप्रिल छाटणीला आलात की देते" असं म्हणून मागे ठेवलेला पैसा हा माणूस परत आणायचा उपाय नाही.

एप्रिलच्या खरड छाटणीला किती माणसं लागतील ते तेव्हाच सांगून टाका. उन्हाळ्यात त्यांच्या गावी काम नसतं, तेव्हा टोळी मिळायला अवघड जात नाही. आणि मुकादमाबरोबर टोळीतल्या दोन बायांचेही फोन नंबर वहीत लिहून घ्या. मुकादम दर पावसाळ्यात सिम बदलतो.